घोड्याचे धान्य

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या रक्तात साखर वाढल्याचे निदान झाले. धर्मगुरूच्या जीवनात हा आजार काही नवलाचा नव्हे. बाप्तिस्मा, विवाह, सण, वाढदिवस अशा प्रत्येक प्रसंगी घराघरांतून जे प्रेम आमच्या ताटात वाढले जाते, त्यात साखरेचा वाटा बराच मोठा असतो, आणि "फादर, एवढे तरी घ्याच" ह्या आग्रहापुढे आमचा निर्धार सहसा टिकत नाही. डॉक्टरांनी आम्हांला पथ्यपाण्याची लांबलचक यादी लिहून दिली. तिच्यात पहिल्याच ओळीत होते : सकाळी ओट्स.

त्याच सायंकाळी आम्ही खेडच्या बाजारपेठेतील आमच्या नेहमीच्या वाण्याकडे गेलो. दुकानदार वयाने आमच्याहून वडील, तोंडाने मोकळे. त्यांनी फळीवरून एक रंगीत पाकीट काढले, चष्मा वर सारून त्यावरची किंमत वाचली आणि म्हणाले, "फादर, पूर्वीची माणसं सांगायची, हे साहेबाच्या घोड्याचं खाणं. आता माणसं खातात. आणि भाव बघा केवढा!" आम्ही हसलो, पैसे दिले. निघताना दाराशी ठेवलेल्या उघड्या पोत्याला आमचा पाय लागला. पोत्यात कुळीथ होते. तपकिरी, चपटे, धुळकट दिसणारे कुळीथ. देशावरची मंडळी त्यांना हुलगे म्हणतात. इंग्रजांनी मात्र त्यांना जे नाव दिले त्याचा अर्थ सरळ 'घोड्याचे कडधान्य' असा होतो, कारण हिंदुस्थानात घोड्यांना ते चारीत असत. म्हणजे एका घोड्याचे धान्य आमच्या हातात होते आणि दुसऱ्या घोड्याचे धान्य आमच्या पायाशी. पहिले दूरदेशीचे, महाग आणि प्रतिष्ठित होते. दुसरे इथलेच, स्वस्त, आणि कोणी चारचौघांत नाव न घ्यावे असे.

घरी परतताना जगबुडीच्या पुलावर आम्ही थोडे थांबलो. नदी तांबडी होऊन वाहत होती. त्या लहानशा योगायोगाने आमच्या मनात एक जुनी खंत जागी केली. ती आज वाचकांपुढे मांडावी असे वाटते.

ओट्सची थट्टा करणारे खेडचे वाणी पहिले नव्हेत. डॉ. सॅम्युअल जॉन्सन ह्या थोर इंग्रज पंडिताने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यात ओट ह्या धान्याचा अर्थ देताना, इंग्लंडात जे घोड्यांना घालतात त्यावर स्कॉटलंडात माणसे जगतात, अशा आशयाचा टोमणा त्याने मारून ठेवला. शब्दकोशासारख्या गंभीर ग्रंथात मारलेला हा टोमणा अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकला. स्कॉटिश माणूस म्हणजे घोड्याचे अन्न खाणारा, बकऱ्या-मेंढ्यांची आतडी शिजवणारा, पैशाला जपणारा कंजूष, अशी एक प्रतिमा जगभर तयार झाली. कोकणच्या वाचकाला ही वर्णने ऐकल्यासारखी वाटतील. आमच्या कोकणी माणसाच्या चिकटपणाचे विनोद, त्याच्या सुक्या मासळीच्या वासाचे विनोद, त्याच्या काळ्या भाकरीचे विनोद आपण सर्वांनी ऐकले आहेत. काहींनी तर ते स्वतःच सांगून इतरांना हसवले आहे.

ह्या थट्टेमागची वस्तुस्थिती मात्र साधी आहे. स्कॉटलंडचा उन्हाळा तोकडा व ओला. गव्हाला पिकायला जी ऊब व जो कोरडेपणा लागतो तो तेथील बहुतेक भागात मिळत नाही. ओट मात्र थंडीपावसात, हलक्या आंबट जमिनीतही तग धरतो. म्हणून तेथील शेतकरी ओट पेरू लागला, त्याची पेज खाऊ लागला, त्याचे पीठ मळून तव्यावर भाकऱ्या भाजू लागला. इकडे खेड-दापोलीच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खाचरात भात होते, पण डोंगरउताराच्या जांभ्या मातीच्या वरकस जमिनीत ते साधत नाही. तेथे नाचणी व वरी होते. भात कापून झाल्यावर जमिनीत जी थोडी ओल राहते, तेवढ्यावर कुळीथ उगवतो. त्याला ना पाटाचे पाणी लागते, ना फारशी देखभाल. दोन्ही ठिकाणी माणसाने एकच केले आहे. परमेश्वराने जी जमीन दिली तिच्याशी भांडण न करता, ती जे देईल ते कृतज्ञतेने शिजवून खाल्ले आहे. गरिबीला दोष द्यायचा तर द्यावा. परंतु त्या गरिबीत पोरे जगवणाऱ्या धान्याला कसला दोष?

ह्या दोन प्रदेशांची एकदा प्रत्यक्ष गाठही पडली होती. येथून पश्चिमेला, सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोट आहे. त्याचा किल्ला इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या मध्यास घेतला व त्याला आपल्या परीने व्हिक्टोरिया हे नावही दिले. ह्या बाणकोटला १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे धर्मप्रचारक आले. पुढे बाणकोट व हर्णै येथे त्यांनी शाळा चालवल्या आणि १८३० च्या सुमारास ते पुण्याकडे वळले. त्यांच्यातले जॉन स्टीव्हन्सन ह्यांनी मराठीचा एवढा अभ्यास केला की १८३३ साली त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. ही मंडळी आपल्या पंथाची नव्हती, परंतु त्यांच्या परिश्रमांविषयी आदर बाळगण्यास पंथ आड येण्याचे कारण नाही. दापोलीकडे जाताना आम्हांला कधी कधी असे वाटते की, ओटच्या पेजेवर वाढलेली ती तरुण मुले नाचणीच्या पेजेवर वाढलेल्या मुलांना ह्याच किनाऱ्यावर अक्षरे शिकवीत बसली होती, आणि दोघांच्याही अन्नाला त्या वेळचे मोठे जग हसत होते.

स्कॉटलंडची आणि आमची प्रत्यक्ष ओळख मात्र बऱ्याच उशिरा झाली. २००९ सालच्या उन्हाळ्यात, तेथील एका धर्मगुरूंच्या रजेच्या काळात, ग्लासगोजवळच्या एका लहान गावी महिनाभर सेवा करण्याची संधी आम्हांला मिळाली. तेथील धर्मगुरूंच्या घरी स्वयंपाकपाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. आम्ही हिंदुस्थानातून आलो म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून आमच्यासाठी दुकानातून आणलेली कोंबडीची करी व भात गरम करून वाढण्याचा सपाटा लावला. त्या करीला मसाल्याचा रंग होता, पण मसाला कोठे हरवला होता हे सांगणे कठीण होते. आम्ही मुकाट्याने खात होतो. त्या वाढून झाल्यावर स्वयंपाकघरात जात आणि दार लोटून घेत.

एके शनिवारी त्या बंद दाराआडून निराळाच सुगंध आला. मिरपूड, कांदा, भाजलेले धान्य आणि मटण ह्यांचा एकत्र वास. आम्ही दार ढकलून विचारले, "काय शिजते आहे?" बाई लाजल्या. हातातले झाकण त्यांनी पटकन भांड्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "फादर, ते तुमच्यासाठी नाही. ते आमचे साधे खाणे आहे. लोक हसतात त्याला."

ते हॅगिस होते. वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मेंढीचे काळीज, हृदय व फुफ्फुसे उकडून बारीक करतात. त्यात भाजलेले ओटचे भरड पीठ, कांदा, चरबी, मीठ व मिरपूड घालतात. हे मिश्रण मेंढीच्याच कोठ्यात भरून, तोंड शिवून, तासन्तास उकळतात. जोडीला कुस्करलेला सलगमाच्या जातीचा कंद आणि बटाटा असतो. ह्यामागेही शहाणपणाचा हिशेब आहे. जनावर मारल्यावर मांस खारवून ठेवता येते, पण आतील अवयव लवकर नासतात. तेव्हा ते त्याच दिवशी शिजवावेत, ओट घालून वाढवावेत आणि घरातल्या सर्वांची पोटे भरावीत, हा त्या पदार्थाचा जन्म. जगाने मात्र त्याला हसण्याचा विषय केला. अमेरिकेत तर जनावरांची फुफ्फुसे अन्नात वापरण्यावर १९७१ पासून बंदी आल्याने अस्सल हॅगिस तेथे नेणेच अशक्य झाले.

हे वर्णन वाचून आमच्या काही भगिनी नाक मुरडतील. त्यांना आम्ही नम्रपणे विचारू इच्छितो की, नाताळात आपल्या घरी जे सोरपोतेल शिजते त्यात काय काय असते? डुकराच्या मांसाबरोबर त्याचे काळीज, त्याचे हृदय, आणि जुन्या पद्धतीने करायचे तर त्याचे रक्तसुद्धा. आणि आमच्या कोकणात बकऱ्याची वजडी साफ करून, वाटप लावून जी रांधतात, ती कोठून आलेली असते? फरक एवढाच की, आपले आपल्या आईने रांधले आहे आणि त्यांचे त्यांच्या.

त्या रात्री आम्ही हट्टाने हॅगिस मागून घेतले. चव तिखटसर, भरड, पोटभरीची होती. आम्ही दुसऱ्यांदा घेतले तेव्हा बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. आमच्याबरोबर बसून जेवण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओटची पेज केली, नुसत्या पाण्यात आणि मीठ घालून. ढवळण्यासाठी त्यांच्याकडे एक लाकडी दांडी होती, तिला ते लोक स्पर्टल म्हणतात. "एकसारखे ढवळत राहायचे," त्या म्हणाल्या, "गुठळी झाली की आई रागवायची." हे ऐकले आणि आमच्या हातातला चमचा थांबला. हेच वाक्य आम्ही फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या चुलीजवळ ऐकले होते.

आमचे बालपण सावंतवाडीकडच्या एका खेड्यात गेले. वडील मुंबईत नोकरीला, मनिऑर्डर महिन्याला यायची, कधी चुकायची. आईची कुळथाची पिठी रोजचीच असे. कुळीथ भाजून, भरडून, दळून ठेवलेले पीठ. लोखंडी काहिलीत थोडेसे तेल, ठेचलेली लसूण, सुकी मिरची, वर पाणी आणि दोन आमसुले. पाण्याला उकळी आली की एका हाताने पीठ भुरभुरायचे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचे. नाचणीची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि ही पिठी एवढ्यावर आम्ही पाच भावंडे वाढलो. गुठळी होता कामा नये हा तिचा कटाक्ष होता. गरिबाचे जेवण असले म्हणून ते गचाळ असावे असे तिला कधीच वाटले नाही.

सेमिनरीत आम्ही दाखल झालो तेव्हा आमच्या वर्गात निरनिराळ्या प्रांतांतले आणि मोठ्या शहरांतलेही बंधू होते. त्यांचे इंग्रजी सफाईदार होते, त्यांचे बूट चांगले होते, आणि घरून येणाऱ्या त्यांच्या डब्यांत केक असत. पहिल्या वर्षीच्या भेटीच्या दिवशी आमची आई रात्रभर एस.टी.ने प्रवास करून आली. तिच्या हातात लुगड्याच्या धडप्यात बांधलेले गाठोडे होते. "पुता, गरम असतानाच बांधल्यात हां," असे म्हणून तिने ते आमच्या हाती दिले. त्यात नाचणीच्या भाकऱ्या होत्या, सुकटीची चटणी होती आणि वर्षभर पुरेल एवढे कुळथाचे पीठ होते. सुकटीचा वास त्या स्वच्छ व्हरांड्यात पसरला. शेजारी उभ्या असलेल्या दोघा बंधूंनी एकमेकांकडे पाहिले. एकाने सहज विचारले, "काय आहे ते?"

आम्ही उत्तर दिले, "माळ्यासाठी आहे. त्याच्या गावाकडून आले आहे."

आई चार पावलांवर उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हते, आणि आम्ही बोललो ते इंग्रजीत. म्हणून आम्ही निश्चिंत होतो. ते गाठोडे आम्ही खरोखरच माळ्याच्या खोलीत नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी माळ्याने आम्हांला वाटेत थांबवून सांगितले की, त्याच्या बायकोने पिठी केली आणि मुलांनी भांडे चाटून पुसून खाल्ले. आम्ही "बरे झाले" म्हणालो.

सहा महिन्यांनी आई पुन्हा आली तेव्हा तिच्या हातात बेकरीतल्या बिस्किटांचा पुडा होता. त्यानंतर दर भेटीला बिस्किटेच आली. गाठोडे पुन्हा कधीही आले नाही. तिने एका शब्दाने विचारले नाही, आम्ही एका शब्दाने सांगितले नाही. आमच्या गुरुदीक्षेच्या दिवशी गावी मोठे जेवण झाले, त्यात पुलाव होता, सोरपोतेल होते, केक होता. पिठी नव्हती. २००६ साली आई देवाघरी गेली. आम्ही व्यासपीठावरून नम्रतेवर किती प्रवचने केली ह्याची मोजदाद नाही, परंतु ह्या एका गोष्टीची क्षमा तिच्याजवळ मागायची राहून गेली.

ग्लासगोजवळच्या त्या घरात, मिठाची पेज समोर ठेवून आम्ही ही सारी हकिगत त्या वृद्ध बाईंना सांगितली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मी तुम्हांला दुकानातली करी का वाढत होते, ते कळले ना?" आम्हांला कळले. जगाच्या हसण्याने घाबरलेली ती आणखी एक आई होती.

पदार्थाची कीर्ती ही मोठी विचित्र वस्तू आहे. ती चवीवर ठरत नाही, पोषणावरही नाही. ती बहुधा खाणाऱ्याच्या पदरात काय आहे त्यावर ठरते. स्कॉटलंडच्या लोकांच्या नशिबाने त्यांना रॉबर्ट बर्न्ससारखा शेतकरी कवी लाभला. त्याने १७८६ साली हॅगिसवर थट्टामस्करीच्या सुरात, पण ताठ मानेने एक कविता लिहिली. तो १७९६ साली वारला. पुढे १८०१ साली त्याचे काही मित्र त्याच्या जन्मघरी जेवणासाठी जमले, तेव्हा ताटात हॅगिस होते. तेव्हापासूनची ती प्रथा आज दरवर्षी २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिनी, जगभर पाळली जाते. वाद्ये वाजवीत हॅगिस मेजावर आणतात आणि उभे राहून त्याचे स्वागत करतात. ज्याला लोक हसत होते त्याचीच मिरवणूक निघाली. आरब्रोथ ह्या किनारी गावातल्या धुरावलेल्या हॅडॉक मासळीला २००४ साली युरोपीय कायद्याने नावाचे संरक्षण मिळाले. आमच्या हर्णैच्या सुक्या मासळीच्या नशिबी मात्र अजून शहरातल्या शेजाऱ्यांच्या तक्रारीच आहेत.

आणि तो टोमणा मारणारा डॉ. जॉन्सन? १७७३ साली तो स्वतः स्कॉटलंडच्या डोंगरांत व बेटांवर फिरून आला. दोन वर्षांनी त्याने प्रवासवर्णन लिहिले, आणि न्याहारी करावी तर स्कॉटलंडात, अशी कबुली त्यात देऊन टाकली. दुरून हसणारा माणूस पाटावर येऊन बसला की पुष्कळदा असेच होते.

ह्याला दुसरी बाजूही आहे, ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आजच्या स्कॉटलंडच्या खाण्याची जी बदनामी आहे ती जुन्या पेजेमुळे नाही. कारखान्यांच्या शहरांत गेलेल्या माणसाने पेज व दूध सोडले, पांढरा पाव, साखरेचा चहा व मुरंबा धरला. पुढे तळलेल्या पदार्थांची चटक लागली. १९९० नंतरच्या दशकात तर चॉकलेटची वडी पिठात बुडवून तळण्यापर्यंत मजल गेली आणि वृत्तपत्रांनी तिलाच स्कॉटलंडचे अन्न म्हणून जगभर मिरवले. त्याच देशातले आहारतज्ज्ञ जॉन बॉइड ऑर ह्यांनी १९३६ सालीच, गरिबाच्या ताटात काय कमी आहे ते आकडेवारीने मांडले होते. १९४५ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे पहिले प्रमुख झाले आणि १९४९ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. भूक आणि शांतता ह्यांचे नाते त्यांनी ओळखले होते. आमच्या खेडच्या आसपासही आता तेच घडते आहे. डोंगरवाड्यांतली तरुण मुले मुंबई-पुण्याला गेली, वरकस जमिनी ओस पडल्या, आणि घराघरांतून मुलांच्या डब्यात दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया व पुड्यांतली कुरकुरीत वस्तू जाऊ लागली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष पाळले. त्यानंतर महानगरांतल्या हॉटेलांत नाचणी चांदीच्या भावाने विकली जाते असे ऐकतो. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि कुळथाचा पाचवा हिस्सा तरी प्रथिनांचा असतो, हे आता सुशिक्षितांना कळले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्या सुधारित जातीही काढल्या आहेत. परंतु जिने ही धान्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकवली, त्या डोंगरावरच्या बाईला अजून आपले ताट झाकावेसे वाटते.

येथे पवित्र शास्त्रातली एक गोष्ट आठवते. पाच भाकरी व दोन मासळ्यांचा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्या भाकरी जवाच्या होत्या हे एकट्या संत योहानानेच सांगितले आहे. जव म्हणजे त्या काळचे गरिबाचे धान्य. एवढेच नव्हे, राजांच्या पहिल्या पुस्तकात शलमोन राजाच्या घोड्यांसाठी जव पुरवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे तेही घोड्याचेच धान्य! सेमिनरीत आम्ही हा उतारा मूळ भाषेत शिकलो, त्यावर परीक्षाही दिली. पण तो पोरगा आपली जवाची भाकरी पाच हजारांच्या समुदायात कशी घेऊन आला असेल, त्याने ती लपवली कशी नाही, हा प्रश्न त्या वेळी आमच्या मनात आला नाही. प्रभूने त्याला गव्हाची भाकर आणायला सांगितली नाही. होती तीच हातात घेतली आणि तिच्याबद्दल उपकार मानले. आम्ही आईच्या भाकरीच्या वेळी जे केले नाही, ते त्याने केले.

गेल्या सप्टेंबरात खेडच्या आमच्या लहानशा समूहाने मिस्सानंतर एकत्र जेवण करायचे ठरवले. येथे कोणी कारखान्यात आहे, कोणी रेल्वेत, कोणी परिचारिका. सगळे ठिकठिकाणांहून आलेले. आम्ही सुचवले की, प्रत्येक घराने आपल्या आजीचा एक पदार्थ आणावा. प्रतिसाद संमिश्र होता. दोघांनी केक आणला, एकाने पुलाव. एका घरातल्या वृद्ध आजी डबा घेऊन आल्या, पण तो मेजावर न ठेवता पिशवीतच ठेवून बसल्या. त्यांचा सहावीतला नातू कानकोंडा होऊन दूर उभा होता. शाळेत त्याच्या काळ्या भाकरीला मुले हसतात, हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही आजींजवळ गेलो आणि विचारले, "आजी, पिशवीत काय आहे?" त्या म्हणाल्या, "काय नाय फादर, पिठी हाय. पोरगा नको म्हणत होता."

आम्ही डबा मागून घेतला, सर्वांत आधी आमच्या ताटात वाढली आणि सर्वांसमक्ष ती माळ्याची गोष्ट सांगितली. आतापर्यंत ती आम्ही एका परदेशी बाईंखेरीज कोणास सांगितली नव्हती. आवाज थोडा कापला. नातवाने त्या दिवशी पिठी खाल्ली की नाही, हे आम्ही पाहिले नाही. तो आजीच्या शेजारी येऊन बसला, एवढे पाहिले.

आता आमची सकाळ अशी असते. चार दिवस ओट्स, डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे, पाण्यात आणि मीठ घालून. तीन दिवस नाचणीची आंबील, तीही डॉक्टरांना विचारूनच. दुकानदारांकडून आम्ही अर्धा किलो कुळीथही आणले, भाजले, गिरणीवरून दळून आणले, आणि एका रविवारी रात्री स्वतः पिठी केली. एका हाताने पीठ भुरभुरले, दुसऱ्या हाताने ढवळले. तरी गुठळ्या झाल्याच.

वाचकहो, आपल्या घरी एखादी आई किंवा आजी असेल आणि पाहुणे आले म्हणून तिने एखादे भांडे झाकून ठेवले असेल, तर ते झाकण आज काढा. पाहुण्यांना वाढा, आणि आधी स्वतःच्या ताटात घ्या. ती जिवंत असताना घ्या. आम्ही त्या गुठळ्या असलेल्या पिठीपुढे हात जोडले, खुणेचा क्रूस केला आणि मग जेवलो.